पोंग्याला लावलेली तीट

प्रश्न जळगावातल्या एका आईचा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. सहा वर्षांची नोकरी तिने दुसऱ्या बाळंतपणात सोडली. नवरा सकाळी आठला जातो तो रात्री आठला येतो, सासूबाई गावी असतात. ती लिहिते: "सगळे सांगतात, हे दिवस परत येत नाहीत, मुलांच्या नजरेने बघ म्हणजे रोज नवल दिसेल. मला तर रोज तेच दिसतं. तोच चमचा शंभर वेळा खाली, तीच गोष्ट दहा वेळा, तोच प्रश्न. घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढलेली एक केळ आहे, तेवढंच काय ते हिरवं. माझ्यातच काही कमी आहे का?"

तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी 33 वर्षं बालवाडी चालवली. तीन ते सहा वयाची मुलं, दरवर्षी पंचवीस-तीस. आता जळगावात नातीला सांभाळते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच एका ओळीत आहे, 'तोच चमचा शंभर वेळा खाली'. तिथे येतेच. त्याआधी थोडं दुसरं.

तुझ्यात काही कमी नाही. बारा तास दोन लेकरांबरोबर एकटीने काढणं हे कष्टाचं काम आहे. दमलेल्या माणसाला नवल दिसत नाही, घड्याळ दिसतं. मी बालवाडीत चार तास असायचे, हाताशी मदतनीस असायची, तरी दुपारी घरी आल्यावर अर्धा तास मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. म्हणून आधी झोप आणि मदत यांची सोय लाव. रविवारी सकाळचे तीन तास दोन्ही मुलं नवऱ्याकडे दे आणि तू घरात थांबू नकोस. घरात थांबलीस तर दर दहा मिनिटांनी तुला हाक येईल. सासूबाईंना अधूनमधून पंधरा दिवस बोलावता येत असेल तर संकोच न करता बोलाव. आणि हे नीट वाच: दोन आठवड्यांच्या वर मन सतत उदास असेल, बाळ झोपलेलं असतानाही तुला झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तो कंटाळा नाही. बाळंतपणानंतर असं होतं आणि ते उपचाराने बरं होतं. सरळ डॉक्टरांकडे जा, नवऱ्याला सोबत घेऊन जा.

आता चमचा.

लेक चमचा टाकते, तू उचलून देतेस, ती परत टाकते. तुला तेच-तेच वाटतं, कारण पुढे काय होणार हे तुला ठाऊक आहे. तिला ते अजून पक्कं ठाऊक नाही. काल खाली पडला, आजही पडेल का? फरशीवर खणकन वाजला, चटईवर का नाही वाजला? आई दर वेळी उचलते, की कधी थांबते? ती प्रत्येक वेळी यातलं काहीतरी तपासत असते. 2015 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन या दोघींनी 11 महिन्यांच्या बाळांबरोबर एक प्रयोग केला होता. काही बाळांना चेंडू भिंतीतून आरपार गेल्याचा भास करून दाखवला, काहींना खेळण्यातली गाडी आधाराशिवाय हवेत थांबलेली दाखवली. मग त्याच वस्तू त्यांच्या हातात दिल्या. भिंतीतून गेलेला चेंडू ज्यांना मिळाला ती तो आपटून बघू लागली. हवेत थांबलेली गाडी ज्यांना मिळाली ती बाळं ती उंचावरून सोडून बघू लागली. चालताही न येणारी बाळं, पण जे खटकलं नेमकं तेच तपासत होती. हे मी वाचलं तेव्हा माझ्या बालवाडीतल्या कितीतरी 'खोडकर' पोरांची आठवण झाली आणि वाईटही वाटलं. त्यांच्या हातातून मी किती वस्तू काढून घेतल्या होत्या.

एक करून बघ. उद्या ती चमचा हातात घेईल तेव्हा चमच्याकडे बघू नकोस, तिच्या तोंडाकडे बघ, चमचा सुटायच्या आधीपासून. ती क्षणभर श्वास धरते. तुझ्याकडे बघते. बोटं उघडते. सुरुवातीला तिची नजर आवाज आल्यावर खाली जाते. काही दिवसांनी ती चमच्याबरोबर खाली जाते. आणि एक दिवस चमचा हातातून सुटतो न सुटतो तोच तिची नजर फरशीवर जाऊन त्याची वाट बघत असते. पुढे काय होणार हे तिला कळलं, ते त्या दिवशी. घरातल्या कुणालाच ते दिसलेलं नसतं, तुला दिसू शकतं, कारण शंभर वेळा तू तिथे होतीस. मग तूही एखादी गोष्ट बदल. आज लाकडी पळी दे, उद्या कापसाचा बोळा, परवा केळीच्या पानाचा तुकडा. कापूस पडायला वेळ का लावतो, हे ती तोंडाने विचारणार नाही, पण तिच्या भुवया विचारतील.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ज्या ठिकाणी तुला कंटाळा येतो, त्याच ठिकाणी मुलांचं काम चाललेलं असतं. रोज नवीन काहीतरी दाखवायला नेण्यात तू दमशील. त्याच गोष्टीपाशी रोज जा आणि तिथे जरा जास्त वेळ थांब.

त्यासाठी तुझ्या मोरीमागची केळ मला फार आवडली. 'तेवढंच हिरवं' म्हणालीस, पण मला विचारशील तर लहान मुलांना दाखवायला केळीसारखं झाड नाही. तिच्यात रोज काहीतरी घडतं आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतं. आंब्याचं झाड साडेतीन वर्षांच्या मुलाला वाढताना दिसत नाही. केळ दिसते.

तिच्या मधोमध सुरळी झालेलं कोवळं पान असतं ना, पोंगा, तो बघ. सकाळी मुलीला काजळाची तीट लावतेस तेव्हा बोटावर जे काजळ उरतं, त्याची एक तीट पोंग्याला लाव, जिथे तो जुन्या देठातून बाहेर येतो अगदी तिथे. मुलाला हाताने लावू दे. दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. तीट वर गेलेली असेल, उन्हापाण्याचे दिवस असतील तर चार बोटं, कधी त्याहूनही जास्त. पोंगा वर सरकतो, मग वरच्या टोकापासून सैल व्हायला लागतो, आणि एक दिवस पान उघडतं. हवा उबदार आणि पाणी बरं असेल तर साधारण आठ-दहा दिवसांत एक पान येतं. थंडीत केळ फार सावकाश चालते, तेव्हा तीट दोन-दोन दिवस जागची हलणार नाही. तेही मुलाला कळू दे.

हे मला एका चार वर्षांच्या मुलीने शिकवलं. तिचा बाप केळीच्या बागेत सालदार होता. बालवाडीच्या कुंपणाला लागून एक केळ होती आणि ही मुलगी रोज तिच्यापाशी उभी राहायची. बाकीची मुलं घसरगुंडीवर, ही केळीपाशी. एकदा पोंग्याला हात लावून तिने मला विचारलं, "बाई, मजार कोन शे?" आत कोण आहे?

माझा जन्म केळीच्या बागेत गेलेला. घड कापताना, ट्रक भरताना बघत मोठी झाले. चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत म्हणून आईचा मार खाल्लेला. पण पान आतून वर कोण ढकलतं, हे मी आयुष्यात स्वतःला विचारलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं आणि मी तिला तसंच सांगितलं, "मला माहीत नाही, आपण बघू."

घड उतरवून झालेलं एक खोड आम्ही तिच्या बापाकडून मागवलं. चारेक फुटांचा तुकडा दोघांनी उचलून आणला. मुलांना गोल बसवलं आणि एकेक सोपट, म्हणजे खोडाचा पदर, सोलायला दिलं. बाहेरचं तपकिरी, मग हिरवट, मग पांढरं, मग काचेसारखं पाणीदार. प्रत्येक सोपट आडवं मोडलं की आत चौकटी-चौकटी, एखाद्या इमारतीला खिडक्या असाव्यात तशा. हात चिकट झाले, सगळ्यांचे कपडे खराब झाले (आयांना मी आधीच जुने कपडे घालून पाठवायला सांगितलं होतं, तूही ते विसरू नकोस). सोलत-सोलत गेलो तेव्हा कळलं की ज्याला आपण खोड म्हणतो ते खोडच नाही. ते पानांच्या देठांचे पदर आहेत, एकावर एक गुंडाळलेले. खरं खोड जमिनीत आहे, कंदात. प्रत्येक नवं पान त्या कंदापासून निघतं आणि जुन्या पदरांच्या मधल्या वाटेने चढत-चढत वर येतं. आमच्या तुकड्याच्या अगदी मधोमध पांढरा, मनगटाएवढा दांडा निघाला. तो घडाचा दांडा. म्हणजे आपल्या डोक्यावर लटकणारा घडही जमिनीखालून निघून त्या सगळ्या पदरांमधून वर आलेला असतो आणि बाहेर पडल्यावर खाली वाकतो.

त्या मुलीने दांड्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "हाई चढनं." हे चढलं. बस, एवढंच. मी मात्र त्या रात्री झोपताना केळीच्या सगळ्या बागांमधून अंधारात वर चढत असलेल्या पानांचा विचार करत होते. वय तेव्हा माझं छत्तीस होतं.

तुझी केळ निसवली, म्हणजे तिचं कमळ बाहेर आलं, तर पुढचा महिनाभर तुला वेगळं काही शोधायची गरज नाही. ते जांभळं कमळ रोज सकाळी बघा. एकेक पातं वर उचललं जातं आणि खाली फुलांची एक ओळ दिसते, तीच पुढे फणी होते. पातं वळून गळतं, मुलाला ते गोळा करू दे, आतून लालभडक असतं. फुलांपाशी मधमाश्या येतील, शिंजीर पक्षी येईल. कोवळी केळी आधी खालच्या दिशेला असतात, मग हळूहळू वर वळायला लागतात. केळं वाकडं का, याचं उत्तर तिथे आहे: ते जमिनीकडे पाठ फिरवून वर जायला बघतं. मुलाला हे सांगू नकोस. रोज एका ठरावीक फणीचा फोटो काढ आणि आठवड्याने ओळीने दाखव. तो सांगेल.

सांगू नकोस, हे मी मुद्दाम म्हणते आहे. आपल्याला वाटतं, मुलाने विचारलं की उत्तर दिलंच पाहिजे. साडेतीन वर्षांच्या मुलाचं 'का' बहुतेक वेळा उत्तर मागत नसतं, सोबत मागत असतं. तू उत्तर दिलंस की गोष्ट तिथे संपते आणि त्याला ती संपायला नको असते, म्हणून तो परत 'का' विचारतो, आणि तू वैतागतेस. त्याऐवजी 'तुला काय वाटतं?' असं विचार आणि खरंच थांब. मनात दहापर्यंत मोज. मोठ्या माणसाला ते दहा आकडे फार लांब वाटतात, मलाही वाटायचे. पण मुलाला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो. सहाव्या-सातव्या आकड्याला जे बाहेर येतं ते ऐकण्यासाठी मी 33 वर्षं नोकरी केली असं म्हण.

आणि ते त्याच्या बोलीत येऊ दे. तुमच्या घरी अहिराणी बोलतात की लेवा गणबोली, मला माहीत नाही. घरात जी असेल ती राहू दे. माझ्या गावाजवळच्या एका शाळेने पालकांना बोलावून सांगितलं होतं की घरी मुलांशी 'शुद्ध' बोला, नाहीतर ती मागे पडतील. पुढच्या दोन वर्षांत त्या मुलांचं बोलणं शुद्ध झालं नाही, कमी झालं. आजीशी बोलणं तर थांबलंच, कारण आजीला शुद्ध येत नव्हतं. मला त्याचा राग आजही आहे. ज्या भाषेत मुलाला स्वप्नं पडतात त्या भाषेतच त्याला नवल वाटतं. 'मजार कोन शे' हा प्रश्न प्रमाण मराठीत त्या मुलीला पडलाच नसता. सासूबाई आल्या की त्यांना केळीपाशी घेऊन जा. त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा दहा शब्द जास्त असतील.

आता उन्हाळ्याचं बोलते, कारण आपल्याकडे सकाळी दहानंतर मुलांना घेऊन बाहेर पडता येत नाही. पारा 44-45 वर असताना 'मुलांना निसर्गात न्या' हा सल्ला खान्देशात कुणी देऊ नये. तेव्हा ऊनच घरात आण.

खिडकीत ऊन येतं त्या वेळी खिडकीला पुठ्ठा लाव आणि त्याला खिळ्याने एक भोक पाड. जमिनीवर कवडसा पडेल. आता आणखी भोकं पाड, पण वेगळी: एक तिकोनी, एक चौकोनी, एक वेडीवाकडी. सगळी लहानच ठेव, ज्वारीच्या दाण्याएवढी. मुलाला विचार, तिकोनी भोकातून कसा कवडसा येईल? तिकोनी म्हणेल. आणि जमिनीवर सगळे गोल. (ऊन तिरपं असेल तर जरा लांबट होतात, मग कवडशासमोर एक कागद तिरका धर, गोल दिसतील.) ते भोकाचं चित्र नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. दहा फुटांवरच्या पत्र्याच्या बारीक भोकातून येणारा कवडसा जवळपास दहा रुपयांच्या नाण्याएवढा असतो. सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. जुन्या कौलारू घरांत लहानपणी आपण शेकडो वेळा ते बघितलेले असतात आणि आपल्याला वाटत असतं, कौलाला भोक आहे.

त्या कवडशाभोवती खडूने गोल काढ आणि मुलाला तिथेच बसव. दोन मिनिटांत कवडसा आपल्या रुंदीएवढा सरकून गोलाच्या बाहेर गेलेला असतो. पृथ्वी फिरते हे आपण पुस्तकात वाचलं. पण इथे ती तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवरून जाताना दिसते, पोळी भाजून होईपर्यंत. चौदा महिन्यांची लेक त्या उजेडाला मुठीत पकडायला बघेल, उघडून बघेल, परत पकडेल. तिला पकडू दे.

मे महिना संपता-संपता जळगावात आणखी एक गोष्ट होते. आपलं शहर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. एकदा 25-26 मेच्या सुमारास आणि परत 17-18 जुलैच्या सुमारास. जुलैत बहुतेक ढग असतात, म्हणून मे धरायचा. घड्याळात साडेबाराच्या थोडं आधी अंगणात स्टीलचा पेला पालथा ठेव आणि तुम्ही दारातून, सावलीत बसून बघा. सकाळपासून त्याची सावली दोन-तीनदा खडूने आखून ठेवली असेल तर मुलाला कळेल की ती कशी-कशी आखडत आली. 'सावली कुठे गेली?' या प्रश्नावर माझ्या बालवाडीत एकाने पेला उचलून खाली बघितलं होतं. त्याचं बरोबर होतं, तिथेच गेली होती. दोन मिनिटांत बघून आत या.

दुपारचा आणखी एक खेळ सांगते, त्याला काही लागत नाही. गुलाबाईच्या (भुलाबाईच्या) सणात डबा वाजवून खाऊ ओळखायचा असतो ना, तसंच. स्टीलच्या डब्यात रोज एक वस्तू घाल, झाकण लाव, वाजव. शेंगा, मीठ, चमचा, बटण, लसूण, काहीच नाही. रिकामा डबा वाजवून बघितल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. एक काळजी घे. मुठीत लपेल आणि तोंडात जाईल अशी कोणतीही वस्तू धाकटीच्या हाती लागू देऊ नकोस. शेंगदाणा, चिंचोका, फुटाणा, बटण, मणी. शेंगदाणा लहानग्यांच्या श्वासनळीत अडकतो, आपल्या घरात तो सगळीकडे असतो म्हणून मुद्दाम सांगते. गुंजा दिसायला सुंदर असतात, पण विषारी, त्या घरातच नकोत.

अशा घरच्या वस्तूंनी शिकवायची पद्धत माझी नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 सालापासून समुद्रकाठच्या बोर्डीला, पुढे कोसबाडला हेच केलं. बाहेरून आणलेल्या महागड्या साधनांची वाट न बघता त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं मुलांपुढे ठेवली. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं की पैसे नसले की असं करावं लागतं. नंतर कळलं, पैसे असते तरी त्यांनी हेच केलं असतं. शिंपल्यासारखं खेळणं कारखान्यात होत नाही, प्रत्येक वेगळा.

पावसाळ्यात तुला कमी सुचवावं लागतं, तेव्हा नवल दारात येतं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर लाल मखमली किडे दिसले तर मुलाला पाय मोजायला लाव. आठ निघतील, म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला. पडवीत किंवा ओट्याखाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथल्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खळगे असतात. तळाशी एक किडा दबा धरून बसतो, मुंगी घसरली की तिच्यावर माती उडवतो. तोच पुढे चतुरासारखा पंख फुटून उडून जातो. गवताच्या काडीने खळग्याच्या कडेची माती अगदी हळू पाडून बघा.

गावी गेलीस तर कपाशीचं फूलही दाखव. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. एका झाडावर दोन्ही रंग बघून मुलांना वाटतं फुलं दोन जातींची आहेत. एका फुलाला दोरा बांधून ठेवा. बोंड फुटल्यावर सरकीवरून कापूस ओढू दे, तो प्रत्येक धागा म्हणजे बीच्या सालीतून वाढलेली एकच पेशी असते, केसाहूनही बारीक आणि इंचभर लांब. फक्त फवारणी कधी झाली ते शेतातल्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना कपाशीत उतरवू नकोस, आणि विहिरीजवळ, पाटाजवळ हात सोडू नकोस.

मोबाईलबद्दल तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. धाकटीला नकोच. थोरल्याला अर्धा तास लावून देऊन तू डोळे मिटलेस तर स्वतःला बोल लावू नकोस. त्या अर्ध्या तासाच्या झोपेवर संध्याकाळी तू केळीपाशी जास्त वेळ उभी राहशील.

आणि काही दिवस काहीच दिसणार नाही. एकाला ताप, दुसरीला दात, गॅस संपलेला. त्या दिवशी नवल शोधायला जाऊ नकोस. खिचडी टाक, दार लावून झोपा. केळ तिचं काम करत असते.

दिवसातून किती वेळ, असं विचारशील तर सकाळची वीस मिनिटं. घरचं सगळं आवरून झाल्यावर नको, तेव्हा तुझ्यात काही उरत नाही. चहा झाल्या-झाल्या, भांडी तशीच ठेवून. फोन आत ठेव, फणीचा फोटो नंतर काढता येतो. एक गोणपाट घे, केळीखाली अंथर आणि बस. काही शिकवू नकोस. मुलगा माती उकरेल, मुलगी पान फाडेल. तू पोंग्यावरची तीट बघ, काल कुठे होती, आज कुठे आहे.

पान पूर्ण उघडलं की मुलाला विचार, तीट कुठे गेली? तो वरून शोधेल, सापडणार नाही. माझी नात दोन दिवस शोधत होती. तिसऱ्या दिवशी ती गोणपाटावर उताणी पडली आणि ओरडली. तीट पानाच्या पाठीवर होती, ऊन त्या हिरव्यातून येत होतं आणि मधोमध तो काळा ठिपका. मीही तिच्याशेजारी आडवी झाले तेव्हा मला दिसला.